शिकारीच्या गाड्या : दमणीपासून जीपपर्यंत

आदिलाबादच्या शिकारीचा विषय निघाला की गप्पा वाघ, मचाण आणि बंदूक या तिघांभोवतीच फिरतात. शिकाऱ्याला आणि त्याच्या बाडबिस्तऱ्याला जंगलापर्यंत नेणाऱ्या गाडीकडे कुणी फारसं पाहत नाही. या टिपणात ती गाडीच मधोमध ठेवली आहे, कारण जनावराला निसटायला किती वाव राहिला हे बंदुकीइतकंच गाडीनेही ठरवलं.

आधी मुलूख पाहू. आदिलाबाद हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला उत्तरेकडचा जिल्हा. राजुरा आणि किनवट हे तालुके १९५६ पर्यंत याच जिल्ह्यात होते, त्यामुळे मराठी इथे घरचीच. उत्तरेला पैनगंगा, पूर्वेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी. सपाटीला काळी जमीन, डोंगरात सागवान, आणि त्यात गोंड-कोलामांच्या वस्त्या. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतायचं ते निघायचं नाही. म्हणून शिकारीचे दिवस हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे. उन्हाळ्यात पाणवठे आटतात, जनावर उरलेल्या पाण्यापाशी येतं, आणि नेमक्या त्याच वेळी वाटाही कोरड्या असतात.

या वाटांवर राज्य होतं बैलगाडीचं. सामानाला खाचर, माणसांना दमणी. दमणी म्हणजे हलकी, वर छप्पर असलेली, चांगल्या पळणाऱ्या बैलांची गाडी. खेड्यातली ऐटीची गाडी तीच. तंबू, खाटा, भांडीकुंडी, काडतुसांच्या पेट्या असं सगळं साहेब पोचण्याआधी तळावर न्यावं लागे. सहावे निजाम मीर महबूब अली खान (१८६६–१९११) यांच्या वाघांच्या शिकारी प्रसिद्धच आहेत. राजा दीनदयाळ यांनी त्या काळच्या शिकारीचे फोटो काढले. त्यांत हत्ती, तंबू आणि मारलेले वाघ दिसतात. सामान वाहणारे बहुतेक वेळा चौकटीबाहेरच राहतात. संस्थानात वेठीची चाल होती. दौऱ्यावरच्या अंमलदाराचं ओझं, गाड्या, बैल, हाक्याची माणसं गावाने पुरवायची, तीही बहुधा फुकट. थाट साहेबाचा, पण बैल गावाचे, हे विसरून या गाड्यांचं कौतुक करता येणार नाही.

बैलगाडीचा आणखी एक उपयोग होता. माळावरचे काळवीट माणूस पायी येताना दिसला की पळतात, पण शेतकऱ्याची गाडी रोजची म्हणून तिला फारसे बिचकत नाहीत. शिकारी गाडीच्या आडोशाने चालत जाई आणि टप्प्यात आला की थांबे. शिकवलेले चित्तेही डोळ्यांवर टोपी चढवून गाडीवरच बसवून नेत. कळप जवळ आला की टोपी काढायची. म्हणजे सगळ्यात साधी गाडी हेच सगळ्यात चांगलं सोंग होतं.

चित्त्यांच्या शिकारीत कोल्हापूरचं नाव मोठं. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर कोल्हापूर दरबाराने आफ्रिकेतून चित्ते आणवले. शाहू महाराजांच्या आठवणींत ‘खडखडा’ ही घोड्यांची उघडी गाडी वारंवार भेटते. नाव चाकांच्या आवाजावरून पडलं. घोड्यांना गाडीची सवय लावायची ती दणकट गाडी. गंमत म्हणजे इंग्लंडातल्या ‘ब्रेक’ची कुळकथाही हीच. तोही मुळात घोडे शिकवायचा सांगाडा. पुढे त्यावर बाकं आली, बंदुकांना जागा झाली, बाकांखाली कुत्री बसू लागली, आणि त्याला ‘शूटिंग ब्रेक’ म्हणू लागले. मोटारी आल्या तेव्हा चॅसीवर लाकडी डबा चढवून तेच नाव पुढे चाललं.

मोटारीने थाट वाढवला. हैदराबादची सगळ्यात गाजलेली मोटार म्हणजे चौमहल्ला राजवाड्यात ठेवलेली पिवळी रोल्स-रॉइस. आत सिंहासनासारखी बैठक आहे, पण ती मिरवणुकीची, जंगलाची नव्हे. शिकारीसाठी खास बांधलेली मोटार पाहायची तर राजपुतान्यात जावं लागतं. कोट्याचे महाराव उम्मेदसिंह यांच्यासाठी १९२५ साली बार्कर कंपनीने रोल्स-रॉइसवर उघडी बॉडी बांधली. तिच्यावरचे सर्चलाइट रात्रीच्या शिकारीसाठी होते.

गोष्ट फिरली ती या दिव्यापाशी. हाक्यात वाघ बाजूने निसटू शकत होता. मचाणावर रात्र रात्र काढूनही तो येईलच असं नव्हतं. दिव्याच्या झोतात मात्र डोळे चमकतात आणि जनावर जागच्या जागी थबकतं. १९४७ साली आजच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानचे राजे रामानुज प्रतापसिंह देव यांनी रात्रीच्या वेळी मोटारीतून जाताना तीन चित्ते मारले. भारतातल्या शेवटच्या चित्त्यांची नोंद म्हणून हीच सांगितली जाते. १९५२ साली चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

थाटाच्या मोटारी मोजक्याच होत्या, त्यामुळे त्यांनी केलेलं नुकसानही मर्यादित राहिलं. खरा घाव घातला जीपने. महायुद्ध संपलं, लष्कराच्या जीपा बाजारात आल्या, आणि थोड्याच काळात मुंबईत महिंद्रांनी त्या जोडायला घेतल्या. जीपला रस्ता लागत नाही. बैल नको, गावाची वेठ नको, चार दिवसांचा तळही नको. बोनेटवर एक दिवा आणि मागे दोन बंदुका असल्या की एका रात्रीत काम. १९५० आणि ६० च्या दशकांत देशभर या रात्रीच्या शिकारीने जंगलं रिकामी केली.

म्हणूनच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला गाडीचं नाव घ्यावं लागलं. त्याच्या १७व्या कलमात चाकाच्या किंवा यंत्राच्या वाहनातून शिकार करायला मनाई होती. कृत्रिम प्रकाश वापरायलाही, खास परवाना सोडून, बंदी होती. १९९१ च्या दुरुस्तीत परवान्याची शिकारच गेली, तेव्हा हे कलम वगळलं गेलं.

आदिलाबादच्या जंगलातलं कवाल हे अभयारण्य २०१२ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, पण जंगल तेच. आज तिथे, आणि पलीकडे ताडोब्यात, पाहुणे उघड्या गाडीतून हिंडतात. छप्पर काढलेलं, मागची बाकं उंच, नजर सगळीकडे जाईल अशी बैठक. घाट शिकारीच्या गाडीचाच आहे, फक्त हातात कॅमेरा असतो.

वाचकांना एक विनंती. घरात शिकारीचा जुना फोटो असेल तर वाघाच्या मागेही पाहा. चाक लाकडी आहे की रबरी, दिवा आहे का, गाडीवर नंबर आहे का, यावरून काळ बराच ठरतो. आणि कडेला बैलांचा कासरा धरून कुणी उभा असेल, तर त्याचं नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून फोटोच्या पाठीवर लिहून ठेवा. साहेबांची नावं कागदोपत्री सापडतात, याचं मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.