मूठभर पीठ आणि एक पैसा



मुलांच्या मराठी वर्गासाठी निधीचा विषय बैठकीत निघाला की तीन सूचना हमखास येतात. पुण्या-मुंबईहून कलाकार आणून तिकीट लावावे, एखादा मोठा देणगीदार गाठावा, नाहीतर घरोघर फिरावे. या तिन्ही वाटांनी आपल्या आधी माणसे चालून गेली आहेत. त्यांचे काय झाले, ते पाहू.

सुरुवात पंजाबपासूनच करू. सेक्टर १० मधले डी.ए.व्ही. कॉलेज आपल्या परिचयाचे. ते १९५८ चे, पण चळवळीचे मूळ लाहोरचे. स्वामी दयानंदांच्या निधनानंतर १ जून १८८६ रोजी तेथे डी.ए.व्ही. शाळा उघडली आणि लाला हंसराज बिनपगारी मुख्याध्यापक झाले. मोठ्या देणग्या मागितल्या गेल्याच, पण त्याबरोबर ‘आटा फंड’ही निघाला. घरच्या बाईने रोज पीठ मळायला घेताना एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकायची आणि साठलेले पीठ संस्थेच्या कामी द्यायचे. जुने कागद गोळा करणारा ‘रद्दी फंड’ही होता. त्या काळी बाईच्या हाती रोकड कुठली? पण पिठाचा डबा तिच्याच ताब्यात होता. शाळेच्या कामात तिचा वाटा पडला तो या मुठीमुळे.

आपल्याकडे हाच विचार अंताजी दामोदर काळे यांनी पैशाच्या रूपाने मांडला. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा, त्यातून देशी उद्योग उभे राहावेत, हा त्यांचा ‘पैसा फंड’. रुपयाचे ६४ पैसे होते आणि देशाची लोकसंख्या सुमारे ३० कोटी. म्हणजे वर्षाला जवळजवळ ४७ लाख रुपये! कागदावरचे हे गणित प्रत्यक्षात उतरले नाही, उतरणारही नव्हते. एकेक पैसा गोळा करायला लागणारी पायपीट त्या हिशेबात कुठेच धरलेली नाही, हे आम्हा इंजिनिअर मंडळींच्या चटकन लक्षात येते. तरीही काळे गावोगाव फिरले, लोकमान्य टिळक पाठीशी उभे राहिले आणि १९०८ साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. जपानमध्ये काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे पहिले व्यवस्थापक. तेथे नुसती काच झाली नाही, काचेचे कारागीरही तयार झाले. पैसा देणाऱ्या माणसाला त्या कारखान्याबद्दल ‘आपला’ म्हणता आले.

आता दुसरी वाट. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रंगमंचावर आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. तिकिटांचे दर जबर होते, तरी लोक तुटून पडले. पण त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. असा योग ठरवून दरवर्षी आणता येत नाही.

मोठ्या देणगीचे उदाहरण महर्षी कर्व्यांचे. त्यांच्या १९१६ च्या महिला विद्यापीठाला १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले. विद्यापीठाला त्यांच्या आईचे नाव लागले. पुढे मुख्यालयही पुण्याहून मुंबईला गेले. विद्यापीठ तगले, हे मोठेच. मात्र देणगीबरोबर संस्थेची पाटीही बदलते, हे घेणाऱ्याने आधीच मनाशी धरावे.

आपल्याला गरज कसली आहे? हार्मोनियम किंवा ध्वनिक्षेपक घ्यायचा असेल तर संगीत रजनी जरूर करावी. (कलाकारांची बिदागी आणि शताब्दीची तिकिटे आधी वजा करून!) मराठी वर्ग मात्र दर महिन्याला चालवायचा आहे. त्यातून आपण बदलीवाली माणसे. रेल्वे, हवाई दल, बँका; आज इथे, तीन वर्षांनी भलतीकडे. म्हणून माझे मत डब्याच्या बाजूने आहे. प्रत्येक घरी एक डबा, रोज जमेल ते नाणे, आणि संकष्टीला तो मोजून पावती. डब्यात नाणे मुलाच्याच हातून पडावे. बदलीची ऑर्डर आली की सामान बांधण्याआधी डबा नव्याने आलेल्या मराठी घरी पोचवावा, आणि वर्ग कोणत्या वारी असतो तेही त्यांना सांगावे.