फाइल-व्यवस्थेची माहिती-पृच्छा
परिचालन प्रणालीचा गाभा कोणत्या प्रकारच्या फाइल-व्यवस्था ओळखतो, चकतीवर किती जागा मोकळी आहे, फाइलीचे नाव किती लांब असू शकते इ. बाबी सी भाषेतील आज्ञावलीने गाभ्याकडूनच विचारून घेण्याची पद्धती. गाभ्याला केलेल्या अशा विनंतीस प्रणाली-आवाहन म्हणतात.

यूनिक्स प्रणालीचा आरंभ १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी केला. १९७३ मध्ये तिचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिण्यात आला. एका फाइलीची माहिती देणारे ‘स्टॅट’ हे आवाहन १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतच होते. मोकळी जागा सांगणारी ‘डीएफ’ ही आज्ञावली मात्र दीर्घकाळ चकतीवरील मुख्य नोंद स्वतःच वाचीत असे. त्यासाठी तिला चकतीची अंतर्गत रचना ठाऊक असावी लागे आणि चकती थेट वाचण्याची मुभाही द्यावी लागे.

सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९८५ च्या सुमारास जाळ्यावरील फाइल-व्यवस्था प्रचारात आणली. दूरच्या यंत्रावरील चकती थेट वाचता येत नसल्याने गाभ्याला विचारणे अपरिहार्य झाले व ‘स्टॅटएफएस’ हे आवाहन रूढ झाले. सिस्टिम व्ही शाखेतील ‘सिसएफएस’ हे आवाहन नावावरून प्रकाराचा क्रमांक, क्रमांकावरून नाव आणि प्रकारांची एकूण संख्या सांगे. उत्तरासाठी राखलेली जागा किती, हे मात्र त्याला कळविता येत नसे. त्यामुळे लांब नावाने शेजारची स्मृती बिघडण्याचा धोका राही. लिनक्समध्येही ते कालबाह्य ठरले असून ‘प्रोक’ निर्देशिकेतील ‘फाइलसिस्टिम्स’ ही फाइल वाचून तीच माहिती मिळते. लिनक्सच्या २·६ आवृत्तीत (२००३) आलेली ‘सिसएफएस’ ही फाइल-व्यवस्था केवळ नामसाम्याची आहे.

‘स्टॅटव्हीएफएस’ हे आवाहन पॉझिक्स मानकात २००१ मध्ये समाविष्ट झाले. ते एकूण मोकळे खंड व सामान्य वापरकर्त्यास उपलब्ध खंड वेगवेगळे सांगते. काही खंड प्रशासकासाठी राखीव असल्याने पहिल्याच आकड्यावर विसंबणारी आज्ञावली लेखन अर्ध्यावर असताना अडू शकते. लिनक्सच्या ६·८ आवृत्तीत (२०२४) जोडलेल्या फाइल-व्यवस्थांची यादी व तपशील देणारी ‘लिस्टमाउंट’ आणि ‘स्टॅटमाउंट’ ही आवाहने आली.

नावाची कमाल लांबी बाइटांत मिळते, अक्षरांत नव्हे. देवनागरी लिपीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, अनुस्वार व हलन्त ही चिन्हेही स्वतंत्र मोजली जातात. ‘अंबरनाथ पूर्व’ या नावात अशी १२ चिन्हे व एक मोकळी जागा असल्याने ते ३७ बाइटांचे होते. २५५ बाइटांच्या नेहमीच्या मर्यादेत रोमन लिपीची २५५ अक्षरे मावतात, तर देवनागरीची केवळ ८५ चिन्हे. मर्यादा गृहीत न धरता गाभ्याला विचारून घेणाऱ्या आज्ञावलीतच मराठी नावे अखंड राहतात.