दारातलं झाड वाईट वर्षासाठी लावायचं असतं



मृगाचा पाऊस पडला की रोपवाटिकेत गर्दी होते. नवीन घर बांधलेली पोरं विचारतात, "तात्या, दारात कोणतं झाड लावू?" नुसतं नाव सांगून भागत नाही. आपल्या सोलापूर भागात दारातली झाडं काळाप्रमाणं कशी बदलली ते आधी बघू, मग उत्तर आपोआप सापडतं.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५ च्या सुमारासचं. आरमाराला लाकूड लागायचं, तरी त्यात बजावलंय की रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नका. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात. झाड जीर्ण झालंच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावं. म्हणजे दारातलं झाड ही घराची ठेव आहे, हे तीनशे वर्षांपूर्वी कागदावर आलेलं.

आता आंबा-फणस ही झाली घाट-कोकणातली ठेव. आपल्याकडं पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, त्यातला बराचसा उत्तरा-हस्ताचा. फणस इथं कसा यावा? म्हणून आपल्या म्हाताऱ्यांनी लिंब, चिंच, बोर, बाभळ धरली. बाभळीचं औत आणि बैलगाडी, लिंबाचं लाकूड धाब्याच्या घराला, कारण त्याला वाळवी लवकर लागत नाही. लिंबाचा पाला ज्वारीच्या कणगीत. लिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशकावर युरोपात १९९४ साली एका अमेरिकन कंपनीला पेटंट मिळालं होतं. भारतात लोक हे आधीपासून वापरतात, असं पुरावा देऊन सांगितल्यावर २००० साली ते रद्द झालं आणि २००५ ला अपीलही फेटाळलं. जगानं भांडावं असं झाड आपल्या दारात फुकट उभं होतं.

झाडाची खरी परीक्षा झाली १९७२ ला. मी तेव्हा अगदी लहान. घरची माणसं सांगायची, दिवसभर खडी फोडायची, सुकडी आणि तांबडी मिलो खायची. कडबा संपला तेव्हा जनावरांना झाडाचा पाला ओरबाडून घातला. चिंचोके भाजून, सोलून खाल्ले. ज्याच्या दारात मोठं झाड, त्याच्या दावणीला सावली तरी होती. पीक गेलं, विहीर आटली, पण मुळं खोल असलेलं झाड उभं राहिलं.

मधल्या काळात शोभेची झाडं आली. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, इंग्रजांच्या काळात इकडं आला. उन्हाळ्यात फुलतो छान, पण लाकूड ठिसूळ, मुळं वरवर. वळवाच्या वाऱ्यात फांदी पत्र्यावर पडते. मग १९७०-८० च्या काळात सुबाभूळ आली. उरुळी कांचनच्या मणिभाई देसाईंच्या बाएफ संस्थेनं तिचा प्रसार केला. हेतू चांगला, चारा आणि सरपण लवकर मिळावं. चारा मिळालाही. पण शेंगा तडकून बी सगळीकडं पडतं, ती बांधावर ठीक, अंगणात नको.

१९९० ला रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली आणि सांगोला-मंगळवेढ्याच्या माळावर बोर, डाळिंब वाढलं. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी सीताफळाचा एनएमके-१ गोल्डन वाण काढला. सीताफळ मूळचं अमेरिकेतलं आणि चिंच आफ्रिकेतली, बरं का. त्यामुळं परदेशी म्हणून झाड वाईट असं मी म्हणत नाही. आपल्या मातीत आणि आपल्या पावसात ते जगतं का, आणि काही देतं का, एवढंच बघायचं.

हल्ली कोनोकार्पसचं वेड आहे. कायम हिरवं, भराभर वाढतं, पाला पडत नाही. त्याची मुळं पाइपात आणि गटारात शिरतात अशा तक्रारी झाल्या आणि गुजरातनं २०२३ मध्ये त्याची लागवड बंद केली. तिथं अनुभव घेऊन झालाय, आपण परत कशाला घ्यायचा?

आमच्या घरी स्लॅबचं घर बांधताना गवंडी म्हणाला, लिंब काढा, ट्रॅक्टर सरळ आत येईल. तो लिंब आज्यानं लावलेला. सूनबाई म्हणाली, पाला झाडून कंबर मोडती, पण काढू नका. आम्ही गेट दहा फूट सरकवलं. मे महिन्यात सगळी गल्ली त्याच्याखाली बसते.

आता नेमकं सांगतो.

जागा मोठी असेल तर लिंब, पश्चिमेला, भिंतीपासून वीस फूट लांब. काळ्या रानात जमीन भेगाळते, तिथं तर हे अंतर पाळाच. जागा लहान असेल तर सीताफळ आणि कढीपत्ता. सीताफळ मुरमात झकास येतं, काळ्या मातीत उंचवट्यावर लावा, बुडात पाणी साचू देऊ नका. शेवगा परसात लावा, पण विजेच्या तारेखाली नको आणि लेकरांना चढू देऊ नका, फांदी मोडते. बोर काट्याची, ती बांधावर. चिंच शेताच्या कडंला, तिच्या सावलीत पीक येत नाही. वड, पिंपळ, उंबर भिंतीजवळ आणि विहिरीजवळ अजिबात नको, ते देवळापाशी किंवा गायरानात शोभतात.

पहिले दोन उन्हाळे पाणी द्या, बुडाशी पाचट टाका. तिसऱ्या वर्षी झाड आपलं आपण बघतं.

बहात्तरसारखं वर्ष परत येणार नाही, असं कुणी लिहून दिलेलं नाही. रोप घेताना एकदा मनाला विचारा, विहीर आटल्यावर हे झाड माझ्या घराला काय देईल? उत्तर आलं तर खड्डा घ्या.