शरद ऋतू (सालेकसा परिसर)

शरद ऋतू (सालेकसा परिसर) : आश्विन व कार्तिक या दोन महिन्यांचा, म्हणजे साधारण सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंतचा काळ. सालेकसा हा गोंदिया जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुका. त्याच्या एका अंगाला मध्य प्रदेशातील बालाघाट आणि दुसऱ्या अंगाला छत्तीसगड आहे. मराठीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी आणि छत्तीसगडी या भाषा-बोली येथे रोजच्या व्यवहारात ऐकू येतात. तालुक्याचा सपाट भाग धानाच्या बांधींनी (बांध घातलेल्या शेतांनी) आणि तलावांनी भरलेला असून दरेकसा टेकड्यांचा भाग जंगलाचा आहे. शरदात मिळणारी साधी सुखे याच तीन जागी आढळतात. ती सहसा विकत घ्यावी लागत नाहीत. बहुतेक कामाच्या ओघातच हाती येतात, आणि म्हणूनच ती येथील लोकांच्या आयुष्यात इतकी खोल रुजली आहेत.

पूर्व विदर्भातून नैर्ऋत्य मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो. त्यानंतर काही दिवस ऊन चटका देते, ओली जमीन वाफ सोडते आणि दुपारी उकडते. परंतु हा ताप फार दिवस टिकत नाही. दिवाळीच्या सुमारास उत्तरेकडून कोरडी हवा येऊ लागली की रात्रीचे तापमान भरभर उतरते. विदर्भातील गारठ्याच्या बातम्यांत गोंदियाचे नाव दरवर्षी वर असते. पहाटे बांधीच्या धुऱ्यावरून (बांधावरून) चालणाऱ्याचे पाय दवाने ओले होतात आणि सकाळी तलावांवर धुके बसते. नदीनाल्यांच्या काठी कास गवत पांढरे फुलते. कालिदासाच्या ऋतुसंहारातील तिसरा सर्ग शरदाचा आहे आणि त्यात या फुलाला मानाची जागा आहे. वाघ नदीच्या काठावर आजही शरदाची पहिली खूण तीच.

आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत शरदातील पाण्याला हंसोदक म्हटले आहे : दिवसा सूर्याने तापलेले, रात्री चंद्राने निवलेले आणि अगस्ती ताऱ्याच्या उदयाने निर्दोष झालेले पाणी. यातील ताऱ्याचा भाग श्रद्धेचा मानला, तरी पाणी निवळण्याची गोष्ट डोळ्यांना दिसणारी आहे. पावसाळाभर ओढे गढूळ पाणी आणत असतात. पाऊस थांबला की गाळ तळाशी बसतो, प्रवाह संथ होतो आणि आश्विनात तलावाच्या काठावरचा तळ स्वच्छ दिसू लागतो. दरेकसा रेल्वे स्थानकाजवळचा हाजरा धबधबाही याच दिवसांत पाहण्याजोगा असतो. पावसाळ्यात त्याचे पाणी लाल आणि बेफाम असते. शरदात धार बारीक होते, पण पांढरी होते आणि खालच्या डोहापर्यंत नजर पोचते.

तलावातील शरदाचे फळ म्हणजे शिंगाडा. पूर्व विदर्भातील बरेचसे तलाव माजी मालगुजारी, बोलीत ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, संपून ते सरकारकडे आले. त्यांतून मासे व शिंगाडे काढण्याचे काम मुख्यतः ढिवर समाजाचे. पावसाळ्याच्या आरंभी वेल पाण्यात लावले जातात आणि पानांचे चक्र पाण्यावर तरंगत वाढते. फळ वरून दिसत नाही. डोंग्यात बसलेला माणूस एकेक चक्र हाताने उलटे करतो, खाली लोंबणारी हिरवी-तांबडी दोनशिंगी फळे खुडतो आणि वेल पुन्हा पाण्यात सोडून देतो. काही दिवसांनी त्याच वेलाला पुन्हा फळ धरते. हे काम तासन् तास पाण्यावर वाकून करावे लागते आणि शिंगे बोटांना टोचतात. बाजारात शिंगाडा दोन प्रकारे मिळतो. कच्चा फोडला तर आतला गर पांढरा, कुरकुरीत आणि किंचित गोड लागतो. उकडलेला बाहेरून काळा पडतो आणि आत पिठूळ होतो. जाणते लोक आधी शिंगे मोडतात, मग मधोमध दात लावून साल दुभंगतात. वाळवलेल्या शिंगाड्याचे पीठ उपवासाला चालते. ताज्या फळाची गोडी मात्र त्यात उरत नाही.

जंगल या दिवसांत सीताफळ देते. टेकड्यांच्या खडकाळ उतारांवर ही झाडे कुणी न लावता वाढतात. फळाचे डोळे उघडले आणि खाचांचा रंग पिवळसर झाला की ते उतरवायचे, तणसात (धानाच्या पेंढ्यात) दडपून ठेवायचे आणि एक-दोन दिवसांत खायचे, एवढीच त्याची रीत. आदिवासी कुटुंबांना त्यातून सणापुरते चार पैसे मिळतात. पारिजातही येथे केवळ अंगणातले झाड नाही; मध्य भारताच्या कोरड्या पानझडी रानांत तो आपला आपण उगवतो आणि सकाळी त्याच्या बुंध्याभोवती फुलांचा सडा पडलेला असतो.

या सर्वांच्या मध्यभागी धान आहे. गोंदिया जिल्ह्यात पंचांगापेक्षा धानाची अवस्था ऋतू अधिक नेमका सांगते. हलके (कमी दिवसांचे) धान दसरा-दिवाळीच्या दरम्यान कापणीला येते, मध्यम त्याच्या मागोमाग आणि भारी (जास्त दिवसांचे) धान कार्तिक उलटताना. त्यामुळे एकाच शिवारात एक बांधी पिवळी, दुसरी पोपटी आणि तिसरी नुकती निसवलेली दिसते. सुगंधी वाणाची बांधी फुलोऱ्यावर असली की तिचा वास धुऱ्यावरून जाणाऱ्यालाही कळतो. चिन्नोर हा या पट्ट्यातील असाच जुना सुवासिक वाण. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. धुऱ्यांवर लावलेली तूर याच सुमारास पिवळ्या फुलांवर येते.

पारंपरिक कापणी विळ्याने होते. मूठभर धान डाव्या हातात धरून बुडाशी कापायचे आणि तिथेच आडवे पसरायचे; या पसरलेल्या ओळींना कडपा म्हणतात. दोन-चार दिवस ऊन खाऊन कडपा वाळला की भारे बांधून ते खळ्यावर आणतात आणि पुंजणे (भाऱ्यांच्या गंजी) रचतात. शरदातील सर्वांत मोठी धास्ती याच दिवसांतली. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की आभाळ भरून येते, आणि कडप्यावर पाऊस पडला तर लोंबीतच दाण्याला कोंब फुटतात. म्हणूनच कोरडा, निरभ्र दिवस हे येथे खरे सुख मानले जाते, आणि पुंजणे रचून झालेल्या संध्याकाळी घरात जो निवांतपणा येतो त्याची बरोबरी सणही करीत नाही. पूर्वी खळ्यावर राखणीला झोपण्याची चाल होती : खाली तणसाची गादी, बाजूला शेकोटी आणि वर मोकळे आभाळ. कापलेल्या बांधीत पोरे सरवा, म्हणजे गळून पडलेल्या लोंब्या, वेचत आणि मूठभर लोंब्यांच्या बदल्यात फेरीवाल्याकडून मुरमुरे किंवा गोड खाऊ घेत. कापणीच्या काही दिवस आधी उभ्या धानातच, ओल असताना, लाखोरी किंवा जवस फेकून पेरतात. याला उतेरा म्हणतात. धान निघून जाते तेव्हा खुंटांमधून हा कोवळा हिरवा पाला वर आलेला असतो आणि लाखोरीच्या शेंड्यांची भाजी थंडीच्या आरंभीचे आवडते खाणे ठरते.

नवे धान थेट रांधले जात नाही. गोंड कुटुंबांत ते आधी देवांना आणि पूर्वजांना दाखवून मग खातात. नवाखाईचा हा विधी लवकर पिकणाऱ्या धानावर, बहुधा भाद्रपद-आश्विनात होतो. पोवार घरांत कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या या दिवसांत हमखास होतात. नवरात्रात घरोघरी जवारे पेरले जातात आणि सीमेपलीकडील डोंगरगडच्या बमलेश्वरी देवीला जाणाऱ्यांची रीघ लागते. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच सालेकसा व दरेकसा ही स्थानके आहेत. दरेकसा सोडल्यावर गाडी रानातून आणि बोगद्यातून जाते. मंदिराच्या हजाराहून अधिक पायऱ्या चढण्यापूर्वीचा हा प्रवासही यात्रेकरूंना प्रिय असतो. कोजागिरीला चांदण्यात आटवलेले दूध पितात. दिवाळीच्या आधी छत्तीसगडी वस्त्यांत स्त्रिया टोपलीत मातीचा पोपट ठेवून फेर धरतात. हे सुआ नृत्य.

दिवाळीचा खरा रंग येथे पाडव्याला चढतो. त्या दिवशी गायगोधन असते. गुरांना धुऊन, शिंगे रंगवून, गळ्यात घुंगरे बांधून गावाच्या आखरावर (गुरे गोळा होण्याच्या मोकळ्या जागी) आणतात; शेणाचे गोधन मांडून पूजा होते आणि गुरे त्यावरून नेली जातात. वर्षभर गावाची गुरे राखणाऱ्या गोवारी समाजाचा हा मानाचा दिवस. मोरपिसांनी सजवलेली ढाल घेऊन ते वाजतगाजत नाचतात आणि घरोघरी त्यांना धान, पैसे, कापड दिले जाते.

भाऊबीजेपासून मंडया भरू लागतात. मंडई म्हणजे एका गावाची एका दिवसाची जत्रा. आज या गावाला, उद्या शेजारच्या गावाला, असा क्रम कित्येक आठवडे चालतो. दुपारी ढाली येतात, दंडार हे लोकनाट्य उभे राहते, आकाशपाळणे फिरतात, जिलेबीच्या कढया तापतात. मंडईच्या दिवशी प्रत्येक घर पाहुण्यांनी भरते. सासरी गेलेल्या लेकी येतात, सोयरे येतात, आणि उपवर मुलामुलींच्या गोष्टी याच अंगणांत निघतात. रात्री नाटक असते. झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. वडसा (देसाईगंज) येथील नाट्यमंडळे गावोगाव बोलावली जातात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. घोंगडी-चादरी पांघरून जमिनीवर बसलेला प्रेक्षक गाण्याला दाद देतो, आवडलेल्या नटाला बक्षीसही देतो. नाटक पाहून लोक थेट कापणीला जातात, हे सांगितले तर बाहेरच्या माणसाला खरे वाटत नाही.

गेल्या काही दशकांत या चित्रात फरक पडला आहे. कापणी व मळणीची यंत्रे बांधीत उतरल्यामुळे कडपा व पुंजणे कमी झाले आणि खळ्यावरचा मुक्काम जवळजवळ संपला. धान आता थेट आधारभूत खरेदी केंद्रावर जाते. आदिवासी भागात ही खरेदी आदिवासी विकास महामंडळ करते. यंत्राने कापलेल्या बांधीत तणस तुटून विखुरते, त्यामुळे गुरांच्या वैरणीचा प्रश्न उभा राहतो आणि गुरे घटली की गायगोधनालाही गर्दी कमी होते. अनेक तलाव गाळाने उथळ झाले असून बेशरम ही वनस्पती आणि जलपर्णी माजल्याने शिंगाड्याला मोकळे पाणी उरत नाही. मंडई मात्र टिकून आहे. नोकरीसाठी नागपूर, रायपूर, हैदराबादकडे गेलेली माणसे दिवाळीची सुटी गावच्या मंडईपर्यंत लांबवतात, आणि भारी धानाची कापणी उरकून मार्गशीर्ष लागल्यावरही काही गावांच्या मंडया व्हायच्या असतात.