डोंगरगावचा आयएसआय

डोंबिवलीतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात कुकरवर आयएसआयचा शिक्का सापडेल. पण तीच अक्षरं विदर्भातल्या एका डायनासोरच्या नावात आहेत! संस्था मात्र वेगळी.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या डोंगरगावला लमेटा खडकांत एका अगडबंब शाकाहारी प्राण्याचा सांगाडा मिळाला. आपल्या पारसिक डोंगराचा काळा कातळ ज्या दख्खनी लाव्ह्याचा, त्याच्या बुडाशी हे लमेटा थर असतात. १९९७मध्ये एस. एल. जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी या प्राण्याचं बारसं केलं: टायटनोसॉरस कोल्बर्टी. कोल्बर्टी हे अमेरिकन संशोधक एडविन कोल्बर्ट यांच्यावरून.

यातला टायटनोसॉरस जुना. जबलपूरच्या शेपटीच्या मणक्यांवरून संशोधक लिडेकरने तो १८७७मध्ये ठेवला, ग्रीक पुराणातल्या टायटनांवरून. पण तसे मणके पुढे कितीतरी प्रजातींत निघाले. २००३मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी ते नावच बाद ठरवलं आणि डोंगरगावकराला नवं दिलं: इसिसॉरस.

इथे हटकून इजिप्तची इसिस देवी आठवते. टायटनांच्या मागून देवी, ओळ छान जुळते, पण खोटी. देवी असती तर रोमन लिपीत मधे दोन 'एस' हवे होते. आहे एकच, कारण आधी आयएसआय, मग सॉरस. आयएसआय म्हणजे महालनोबिसांनी १९३१मध्ये कोलकात्यात काढलेली इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. संख्याशास्त्रवाल्यांचं हाडांशी काय काम? महालनोबिसांना मोजता येईल ते सगळंच हवं असे. लंडनहून जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन आल्या आणि संस्थेत भूविज्ञान विभाग उभा राहिला.

त्याच विभागाने गोदावरी खोऱ्यातला बारापासॉरस टागोरी १९७५मध्ये जगापुढे आणला. मराठी कानाला बारा पाय ऐकू येतात. पाय चारच, अर्थ मोठा पाय. मांडीचं हाडच सुमारे १.७ मीटर! 'पा' बंगाली, यात वाद नाही. 'बारा' मात्र मला हिंदी 'बडा' वाटतो, बंगाली माणूस 'बोरो' म्हणतो. बंगाली लिपीतलं 'बड' रोमनमध्ये उतरवलं की 'बारा'च होतं, असं कुणी म्हणेल. म्हणोत, तेलुगू मुलखातल्या खोदकामावर हिंदीच चालली असणार, असा माझा कयास.

डोंगरगावच्या नावातली अदलाबदल मात्र कयास नव्हे. भारतीयांनी अमेरिकनाचं नाव दिलं, परदेशी जोडीने भारतीय संस्थेचं. गावाचं नाव कुणालाच सुचलं नाही.