परस्परांस धीर

घरांतलें एखादें माणूस गेलें म्हणजे त्या दिवशीं चूल पेटत नाहीं. शेजारच्या घरून पिठलेंभात येतो. पुढें दहा-बारा दिवस मंडळी भेटावयास येतात. त्यांतले बहुतेक जण मुकाट्यानें बसून उठून जातात, आणि जे बोलतात त्यांचे शब्दहि ठराविकच असतात. वर्गांत इतिहास शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला या ठराविक शब्दांचा पूर्वीं कंटाळा येई. दोन वर्षांपूर्वीं वडील बंधु वारले, तेव्हां तेच शब्द ऐकून घेण्याची पाळी माझ्यावर आली. आज त्यांतला एकहि शब्द मला आठवत नाहीं. पण कोण कोण आलें होतें, तें मात्र अगदीं बिनचूक आठवतें.

त्या दिवसांत एक जुनें पत्र मीं पुन्हां वाचावयास घेतलें. मी ख्रिस्ती नाहीं. इतिहासाचा एक कागद म्हणूनच तें पूर्वीं वाचलें होतें. परस्परांस धीर देणें हें सबंध समाजाचें नित्यकर्तव्य आहे, असें त्या पत्रांत स्वच्छ सांगितलेलें आहे. तें कर्तव्य पुढें कसें पाळलें गेलें, आणि कोठें अडखळलें, हें येथें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीचें नांव धारण करणारें थेस्सलनीका हें शहर इ. स. पूर्वीं 315 च्या सुमारास वसलें. रोमन अमलांत तें मासेदोनिया प्रांताची राजधानी होतें. बंदरहि मोठें, आणि पूर्व-पश्चिम जाणारा राजमार्ग गांवावरूनच जाई. इ. स. 50 च्या सुमारास पौल आपल्या सोबत्यांसह तेथें आला. त्याचा मुक्काम फार दिवसांचा झाला नाहीं. गांवांत दंगा उसळला. ज्याच्या घरीं तो उतरला होता त्या यासोनाला लोकांनीं अधिकाऱ्यांपुढें ओढून नेलें, आणि स्नेह्यांनीं पौलास रातोरात बिरुयाकडे काढून दिलें. मागें राहिली ती मूठभर माणसें. त्यांना मंदिर नव्हतें, शास्त्रीपंडितांचा आधार नव्हता. जुन्या देवांकडे पाठ फिरविल्यामुळें शेजारीपाजारीहि दुरावले होते. अशांत त्यांच्यापैकीं कांहीं जण मरण पावले. प्रभु लवकरच परत येणार या आशेवर तीं माणसें होतीं. मग आधींच गेलेल्यांचें काय होणार, या शंकेनें त्यांचा धीर सुटला.

पौलाच्या जिवाला चैन पडेना. अथेनैहून त्यानें तीमथ्यास तिकडे पाठविलें, आणि तो परत आल्यावर करिंथांतून हें पत्र लिहिलें. गल्लियो नांवाचा रोमन अधिकारी त्या सुमारास करिंथास होता. त्याचा उल्लेख असलेला एक शिलालेख डेल्फी येथें सांपडल्यामुळें पत्राचा काळ इ. स. 50-51 असा बराच नक्की ठरतो. ख्रिस्ती धर्माच्या उपलब्ध लिखाणांत हें पत्र सर्वांत जुनें असावें, असें बहुतेक पंडित मानतात.

पत्राचा सूर घरगुती आहे. पौल स्वतःला कधीं तान्ह्या लेंकराला जपणाऱ्या आईची, तर कधीं बापाची उपमा देतो. तुमच्यावर भार नको म्हणून मीं रात्रंदिवस हातानें काम केलें, याची आठवण तो करून देतो. तुमची खुशाली कळल्यानें माझ्याच जिवाला आधार वाटला, असेंहि तो मोकळेपणीं कबूल करतो. धीर देणाऱ्यालाच येथें धीर मिळाला आहे. मृतांविषयींची शंका फेडल्यावर तो शेवटीं काय सांगतो? तुमच्या पुढाऱ्यांना मान द्या, असें तो सांगतो खरें. पण सांत्वनाचें काम तो त्या पुढाऱ्यांवर सोंपवीत नाहीं. तुम्हीं एकमेकांचें सांत्वन करा, असें तो एकदां नव्हे, दोनदां लिहितो. जे बेशिस्त वागतात त्यांना समज द्यावी, खचलेल्यांना धीर द्यावा, दुबळ्यांना हात द्यावा, आणि सर्वांशीं सबुरीनें वागावें. प्रत्येक दुखण्याला औषध निराळें आहे. खचलेल्या माणसाला दटावून कांहीं साधत नाहीं, हें या गृहस्थाला नीट ठाऊक होतें.

वर आलेला गल्लियो हा तत्त्वज्ञ सेनेका याचा थोरला भाऊ. मार्सिया नांवाच्या एका थोर घराण्यांतील बाईचा मुलगा वारला होता, आणि तिसरें वर्ष उलटलें तरी तिचा शोक आवरत नव्हता. तिच्यासाठीं सेनेकानें इ. स. 40 च्या सुमारास एक सांत्वनपर प्रबंध लिहिला. तो सुंदर आहे. मृत्यु अटळ आहे, शोकालाहि मर्यादा असावी, हें त्यांत विद्वत्तेनें पटवून दिलें आहे. पण तो एका विद्वानानें एका कुलीन स्त्रीला लिहिलेला आहे. थेस्सलनीकांतील हातावर पोट असलेल्या माणसांना असा प्रबंध कोण लिहून देणार? त्यांना शेजारीच हवा होता.

पौलानें येथें जें ग्रीक क्रियापद वापरलें आहे, त्याचा मूळ अर्थ ‘जवळ बोलावणें’ असा आहे. त्यांतूनच सांत्वन करणें, विनविणें, कामाला प्रवृत्त करणें, असे अर्थ निघाले. संस्कृत वळणाच्या मराठींत सांत्वन वेगळें आणि उत्तेजन वेगळें. पहिलें झालेल्या दुःखासाठीं, दुसरें पुढच्या कामासाठीं. आपल्या बायाबापड्यांचा ‘धीर देणें’ हा प्रयोग मात्र दोन्ही अर्थ पोटांत घेतो. रडणाऱ्यालाहि आपण धीर देतों, आणि परीक्षेला निघालेल्या मुलालाहि.

आतां दीडशें वर्षें ओलांडून आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कार्थेज शहरीं येऊं. कारण पत्रांतील उपदेशाचा व्यवहार कसा झाला, याचा पुरावा तेथें चांगला सांपडतो. इ. स. 197 च्या सुमारास टर्टुलियननें तेथील ख्रिस्ती मंडळीच्या सामायिक पेटीचें वर्णन केलें आहे. दरमहा ज्याला इच्छा आणि ऐपत असेल त्यानें तींत कांहीं टाकावें, सक्ती नाहीं. हा पैसा गरिबांचें अन्न, त्यांची मूठमाती, पोरकीं मुलें, म्हातारे नोकर, गलबत फुटून बुडालेले, आणि धर्मासाठीं खाणींत किंवा तुरुंगांत पडलेले यांच्याकडे जाई.

पुढें याच शहरीं सिप्रियन हा बिशप झाला. इ. स. 253 च्या सुमारास नुमिदियांतील कांहीं ख्रिस्ती माणसें धाडसी टोळ्यांनीं पकडून नेलीं, तेव्हां कार्थेजच्या मंडळीनें त्यांच्या सुटकेसाठीं 1,00,000 सेस्टर्स गोळा करून पाठविले. बरोबर देणगीदारांच्या नांवांची यादी जोडून, प्रार्थनेंत यांची आठवण ठेवा, असें सिप्रियननें लिहिलें. इ. स. 257 मध्यें सरकारनें कांहीं धर्माधिकाऱ्यांस व सामान्य माणसांस खाणींत धाडलें. पायांत बेड्या, अंगाखालीं नुसती जमीन, अर्धें डोकें भादरलेलें, भाकरी अपुरी. सिप्रियन स्वतः त्या वेळीं हद्दपार होता. त्यानें त्यांना पत्र लिहिलें, आणि पत्राबरोबर मदतहि पाठविली. खाणींतून आलेलीं उत्तरें सुदैवानें टिकून राहिलीं आहेत. तुझें पत्र आलें आणि आमचीं बंधनें हलकीं झालीं, असा त्यांतील एका उत्तराचा आशय आहे. पुढच्याच वर्षीं, 14 सप्टेंबर 258 रोजीं, सिप्रियनचा शिरच्छेद झाला.

हें सर्व वाचून या समाजाचें केवळ गोडवे गाऊन थांबणें इतिहासाला शोभणार नाहीं. इ. स. 250 मध्यें सम्राट् डेशियसनें सर्वांस देवांपुढें यज्ञ करण्याचा हुकूम सोडला, तेव्हां पुष्कळ ख्रिस्ती माणसांचा धीर सुटला आणि त्यांनीं तो मानला. संकट ओसरल्यावर तीं परत आलीं. त्यांना जवळ घ्यावें कीं नाहीं, यावरून मोठा कलह माजला; मंडळींत फूट पडली. सिप्रियन स्वतः त्या संकटांत लपून राहिला होता, म्हणून त्याच्यावरहि ठपका आला. अखेर 251 च्या सभेनें प्रायश्चित्ताची वाट मोकळी ठेवली. शूरांना शाबासकी देणें सोपें असतें. खचलेल्यांना धीर द्या, या वाक्याची खरी कसोटी जे खरोखरच खचले त्यांच्या बाबतींत लागली, आणि ती पार पडतांना पुष्कळांचीं मनें कडू झालीं.

दुसरी कसोटी कुंपणाची. त्याच सुमारास रोमन साम्राज्यांत मोठी साथ पसरली. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस लिहितो कीं, ख्रिस्ती बंधूंनीं भीति न बाळगतां रोग्यांची सेवा केली आणि त्यांच्याबरोबर प्राण सोडले. इतर लोकांनीं मात्र आपल्या आजाऱ्यांना घराबाहेर लोटलें. साक्षीदार एका पक्षाचा आहे, हें विसरूं नये. पण कार्थेजची हकीकत अधिक बोलकी आहे. सिप्रियनचा चरित्रकार पाँटियस सांगतो कीं, साथीच्या वेळीं सिप्रियननें लोकांना जमवून बजावलें : आपल्याच माणसांची काळजी घेण्यांत नवल तें काय? कालपर्यंत ज्यांनीं छळ केला त्यांचीहि सेवा झाली पाहिजे. थेस्सलनीकाच्या पत्रांतहि भलें करण्याचा उपदेश ‘एकमेकांचें’ एवढ्यावर थांबत नाहीं. त्याच्या जोडीला ‘सर्वांचें’ हा शब्द आहे. जो समाज पहिल्या शब्दापाशींच थांबतो त्याचें प्रेम शेवटीं तटबंदी होऊन बसतें. आपल्या जातीच्या वसतिगृहांत आणि निधींत वाढलेल्या आपण मंडळींनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें.

हें पत्र मराठींत आणण्याचे यत्न एकोणिसाव्या शतकापासून झाले. त्यांतला एक पंडिता रमाबाईंचा. 1896-97 च्या दुष्काळांत निराधार झालेल्या शेंकडों मुलींना त्यांनीं केडगांवीं आश्रय दिला होता. अशा साध्या बायकांना कळावें म्हणून त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठींत आणलें, आणि तें छापण्याचें काम तिथल्याच स्त्रियांनीं केलें. काम संपत आलें असतां, 1921 मध्यें, त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. 5 एप्रिल 1922 रोजीं रमाबाईहि गेल्या. मुलगी गेल्यानंतरच्या त्या महिन्यांत त्यांना धीर कोणीं दिला असेल? ज्यांना एके काळीं त्यांनीं दुष्काळांतून उचलून आणलें, त्याच मुली त्यांच्याभोवतीं वावरत होत्या. पौलाला थेस्सलनीकाहून जसा आधार मिळाला तसाच रमाबाईंनाहि घरांतूनच मिळाला असेल, असें मला वाटतें.

आमच्या घरीं त्या दिवशीं पिठलेंभात घेऊन आल्या त्या शेजारीणबाईंचे यजमान गेल्या श्रावणांत वारले. काय बोलावें, हें मला तेव्हांहि सुचलें नाहीं. डबा घेऊन गेलों आणि बसून राहिलों.