छापून काढलेला विकिपीडिया आणि आपले कोश

भांडुप स्टेशनच्या फलाटावरून इथवर आलात, तर तिथल्याच एका हिशोबाने सुरुवात करतो. ७०० पानांचं पुस्तक चार सेंटिमीटर जाड धरा. अशी ७,४७३ पुस्तकं फलाटावर ओळीने उभी केली, तर ती बारा डब्यांच्या लोकलच्याही पुढे जातील. इंग्रजी विकिपीडियाचा २०१५ सालचा पसारा छापील रूपात एवढा होता.

हा हिशोब प्रत्यक्ष मांडला मायकेल मँडिबर्ग या अमेरिकन कलाकाराने. संगणकाला आज्ञावली देऊन सगळा विकिपीडिया खंडांत कापला, पानं जुळवली, मुखपृष्ठं केली आणि मागणीनुसार छापून देणाऱ्या लुलू या संकेतस्थळावर चढवायला घेतला. जून २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या डेनी गॅलरीत प्रदर्शन भरलं ते या चढवण्याचंच. त्याला २४ दिवस लागले. मांडणीवर खरे खंड जेमतेम शंभरेक होते, आणखी काहींच्या नुसत्या पाठी भिंतीवरच्या कागदावर छापलेल्या. काही जण म्हणाले, ही कसली कला? मला तो प्रश्न फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मला अडकवलं ते शेवटच्या ३६ खंडांनी. त्यांत मजकूर नाही, फक्त नावं आहेत. विकिपीडिया लिहिणाऱ्या सुमारे ७५ लाख माणसांची.

आता आपल्याकडे या. आपला प्रवास नेमका उलटा झाला, आधी पुस्तक आणि मग पडदा. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेलला शिकून परतले आणि १९१६ च्या सुमारास नागपुरात ज्ञानकोशाच्या कामाला लागले. पैसा कुठून आणायचा? त्यांनी चक्क लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गाठले. ज्ञानासाठी भागभांडवल! पुढे काम पुण्याला हललं. १९२० मध्ये पहिला प्रस्तावनाखंड आला आणि दशक संपण्याच्या आत २३ खंड पूर्ण झाले. परका राजा, मराठी ग्राहक मूठभर, आणि तरी या गृहस्थाने ते तडीस नेलं.

दुसरा उद्योग वाईचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसावा पुरा व्हायला २०१५ उजाडलं. हो, मँडिबर्गचं प्रदर्शन भरलं तेच साल. शास्त्रीबुवा १९९४ मध्येच गेले होते.

आता छापण्याची खरी अडचण बघा. कोश अकारविल्हे जातो, जग तसं जात नाही. ‘इ’ अक्षर सुरुवातीच्याच खंडांत, सत्तरच्या दशकात छापून मोकळं झालं. तिथे ‘इंटरनेट’ कुठून सापडणार? संपादकांची त्यात काडीची चूक नाही. शब्द घराघरात पोचला तोवर त्याचं पान केव्हाच बांधून झालेलं.

मघाशी चहाच्या वेळी एका काकूंनी विचारलं, “मग आता खंड ठेवायचे कशाला? सगळं मोबाइलवर आहे की.” आहे, खरंच आहे. केतकरांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने संकेतस्थळावर आणला. विश्वकोशही तिथे आहे आणि ज्ञानमंडळांमार्फत नव्या नोंदी येताहेत. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात कुणीही भर घालू शकतं. शोधायला पडदाच बरा, यात वाद नाही.

पण काकू, छापील पान एका तारखेला थांबतं, आणि इतिहास शिकणाऱ्याला ते थांबणंच हवं असतं. १९२० च्या दशकात मराठी माणसाला जात, विज्ञान, परदेश याबद्दल काय ठाऊक होतं आणि काय चुकीचं ठाऊक होतं, हे केतकरांच्या पानावर तसंच्या तसं सापडतं. विकिपीडियावरही जुन्या आवृत्त्या जपलेल्या असतात. ‘इतिहास’ या कळीमागे प्रत्येक बदल आणि तो करणाऱ्याचं नाव दिसतं. किती जणांनी ती कळ कधी दाबली आहे? हात वर करा बरं. ...तीन.

विश्वकोशात नोंद संपली की खाली लेखकाचं नाव असतं, आडनाव आधी. वाचून झाल्यावर नजर आपोआप तिथे जाते. केतकरांच्या कोशाला मात्र आपण ‘केतकर ज्ञानकोश’ म्हणतो आणि कचेरीत बसून लिहिणारे त्यांचे सहकारी कुणाला आठवत नाहीत. मँडिबर्गने त्या कळीमागची माणसं बाहेर काढून ३६ खंडांत बसवली. त्यांत टोपणनावं आहेत, आणि एकदाच येऊन एखादा स्वल्पविराम नीट करून गेलेलेही आहेत.